बिशपची घासलेली घंटा

१

घंटा चकाकत होती.

एरवी घंटा चकाकली म्हणून कुणी डोकं धरून बसत नाही. पण ही घंटा नऊशे वर्षांची होती, आणि काल संध्याकाळपर्यंत तव्याच्या बुडासारखी काळी होती. तो काळेपणा हेच तिचं वय. आज सकाळी काचेच्या पेटीत ती रुखवतातल्या समईसारखी पिवळीधमक होऊन बसली होती, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये चिंचेचा कोळ आणि काथ्या पडला होता. मी पेटीसमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला ओळखणाऱ्यांना ही घंटेपेक्षा मोठी बातमी वाटेल.

मी सुलेखा. सिंगापुरात विम्याचे दावे तपासते. लोक मला फुटलेल्या, जळलेल्या, भिजलेल्या वस्तू दाखवतात आणि त्या कशा फुटल्या ते सांगतात. त्यातलं खरं किती, हे मी ठरवते. या धंद्यात माणूस संशयी होतो. माझे यजमान पद्माकर म्हणतात, लग्नात डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हासुद्धा मी तांदूळ निवडलेला आहे का ते बघत होते. असेन बघत.

निशिकांतदादा हे पद्माकरचे बँकेतले जुने सहकारी, आता निवृत्त. बँकेने त्यांना मधली काही वर्षं आयर्लंडला पाठवलं होतं. लोक तिकडून स्वेटर आणतात, यांनी बिशप आणला. म्हणजे बिशपची घंटा. तिकडच्या किनाऱ्यावर नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोकांनी वसवलेलं एक बंदर होतं. आले लुटायला, राहिले व्यापार करायला, आणि तिथल्याच मुलींशी लग्नं लावून तिथलेच झाले. त्या गावाचा बिशप कोनल. बाप नॉर्स, आई आयरिश, आणि बिशपपदाची दीक्षा घेतली ती समुद्र ओलांडून इंग्लंडात. आयरिश मठवाले त्याला परका म्हणत आणि नॉर्स सरदार त्याला मठवाला म्हणत. "ना इकडचा ना तिकडचा, आपल्यासारखाच," असं निशिकांतदादा प्रत्येक व्याख्यानात म्हणत आणि टाळ्या घेत.

मग ते घंटा दाखवत. लोखंडाचा पत्रा दुमडून, कडेला रिबिटा ठोकून, वर काशाचा पातळ मुलामा दिलेली. आणि शेवटी ती गोष्ट सांगत. चर्चमधलं चांदीचं पात्र चोरीला गेलं. चोर कोण ते बिशपला ठाऊक होतं, पण त्याने गावासमोर सांगितलं, पात्र मीच कुणाला तरी देऊन टाकलं. गावाने त्याला हाकलून दिलं. जाताना त्याने बरोबर नेली ती फक्त ही घंटा. इथे निशिकांतदादांचा आवाज हटकून भरून यायचा. माझाही यायचा, खोटं कशाला बोलू?

अशाच एका सभेत, भरल्या आवाजात, ते बोलून गेले होते की ही घंटा तिच्या गावाला परत जाईल. तिथल्या संग्रहालयाच्या संचालक बाई आज संध्याकाळी ती न्यायला येणार होत्या. म्हणून तर सकाळी निशिकांतदादांचा फोन आला तेव्हा मी बुकित बातोकहून निघाले, जुरोंग ईस्टला गाडी बदलली आणि धावतपळत बुओना व्हिस्टाच्या त्यांच्या काँडोत पोचले.

"आता काय परत देऊ, सुलेखा?" ते म्हणाले. डोळे लाल होते. "घासून भांडं करून टाकलं तिचं. तू एक कर. कंपनीच्या नव्हे, तुझ्या स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहून दे. घरगुती अपघात, वस्तू कायमची खराब. त्या बाईंना दाखवतो, माफी मागतो आणि हे भांडं माझ्याजवळच ठेवतो. पोलीस नकोत, विमा नको."

त्यांनी पेटी उघडली आणि घंटा उचलून माझ्या हातात दिली. लोलक हलला. गोड, लांबवर रेंगाळणारा नाद घरभर गेला. पेटीच्या पायाशी चाफ्याचं एक फूल पडलं होतं, वाळून तपकिरी झालेलं.

"पण हे केलं कुणी?" मी विचारलं.

उत्तर माझ्या पाठीमागून आलं.

"मी घासली," सरोजिनीताई म्हणाल्या.

२

सरोजिनीताई म्हणजे निशिकांतदादांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा धाकट्या निशीला यांनीच न्हाऊमाखू घातलं. पुढे यजमान गेले, मूलबाळ नाही, म्हणून भावाने त्यांना पुण्याहून इथे आणलं. स्वच्छतेचं वेड असं, की त्यांच्या हातून निघालेल्या तांब्यात बघून भांग पाडावा. चिंच आणि मीठ ही त्यांची दोन शस्त्रं. तेव्हा त्यांनी घंटा घासली असं म्हटल्यावर परक्या कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. मला मात्र धक्का बसला, कारण त्या घंटेबद्दल त्या काय बोलल्या होत्या ते मला आठवत होतं.

"घंटा कसली गं, रॉकेलच्या डब्यावर चमचा मारावा तसा आवाज," असं त्यांनी मला एकदा हसत सांगितलं होतं. "पण देवाची ना? कुठल्या का देवाची असेना." आणि रोज खाली बागेत पडलेला एक चाफा वेचून त्या पेटीसमोर ठेवत.

"कधी घासलीत?" मी विचारलं.

"सकाळी. काळी दिसत होती. पाहुणे यायचेत म्हणून..." पाठ केल्यासारखं बोलल्या. नजर पायांवर.

"पेटीची किल्ली?"

"असते तिथेच. देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे."

"आत्या, स्टॉप इट ला!" उल्का ओरडली. ही निशिकांतदादांची मुलगी, इथेच वाढलेली, म्हणून बोलण्यात इथला 'ला'; तिचा आणि तिच्या नवऱ्याचा सरकारी एचडीबी फ्लॅट तयार होईपर्यंत दोघं इथेच राहतात. "बाबा, शी नेव्हर डू धिस. आत्या असं करणारच नाही!"

"ती स्वतः सांगतेय ना?" निशिकांतदादा म्हणाले. "मला आता हिला समोर बघवत नाही. उद्या सकाळच्या विमानाने ती मुंबईला जाईल, तिथून पुण्याला. तिकीट काढलंय. इथे राहायचा तिचा पास मी रद्द करून घेईन."

म्हणजे कायमचं. पुण्यात काय होतं? भावाचाच एक बंद फ्लॅट, धूळ खात पडलेला, आणि त्यात गुडघे धरून बसणारी एकटी म्हातारी. मी सरोजिनीताईंकडे बघितलं. त्या रडत नव्हत्या, वाद घालत नव्हत्या. "जाईन मी," एवढंच म्हणाल्या.

दारापाशी त्यांची निळी बॅग तयार उभी होती. इथल्या घरांत बॉम्ब शेल्टर म्हणून जाड भिंतींची एक खोली असते, तिच्यात सगळेजण जुन्या बॅगा कोंबतात. तिथून निशिकांतदादांनी ती स्वतः काढली होती, स्वतः भरली होती आणि कुलूपही लावलं होतं.

"माझ्या चार साड्यांना कुलूप कशाला, निशी?" ताई हळूच म्हणाल्या.

"असू दे. तुला वाकवत नाही, गुडघे दुखतात," ते तुटकपणे म्हणाले. मला वाटलं, कितीही राग आला तरी शेवटी भाऊ आहे. "मी पुढच्या आठवड्यात येऊन जाईन तिकडे."

मग माझ्याकडे वळून, "लिहितेस ना?"

"लिहिते. आधी सगळ्यांशी बोलते."

"बोलायचं काय आहे त्यात?"

"सवय," मी म्हटलं. त्यांचा चेहरा क्षणभर असा काही उतरला, की मी सवयीपेक्षा जास्त लक्ष देऊन बघू लागले.

३

उल्काचा नवरा धवल जवळच्याच एका टेक कंपनीत काम करतो. मुलगा सालस, पण आज घाम पुसत होता, आणि एसी तर सुरू होता.

"काकू, मी काहीच केलेलं नाही," तो न विचारताच म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या अनुभवात निरपराध माणसंच आधी घाबरतात. "मी फक्त स्कॅन केलं होतं. बाबांना पुस्तकासाठी घंटेचं थ्री-डी मॉडेल हवं होतं. ऑफिसच्या स्कॅनरवर केलं. रिबिटा, ओरखडे, सगळं त्यात आलं. फाइल बाबांना दिली. मग प्रबोधकाकांनी मागितली, त्यांनाही दिली. त्यात चूक काही नाही ना?"

"आज सकाळी घंटा पहिल्यांदा कुणी बघितली?"

"बाबांनी. त्यांची हाक ऐकून आम्ही सगळे धावलो. ते घंटा हातात घेऊन हलवत होते, हे काय झालं, हे काय झालं म्हणत. मी इतका शॉक झालो, मला काही सुचेना."

"आणि आत्या?"

"आत्या दारात उभ्या होत्या. त्या घंटेकडे बघतच नव्हत्या, काकू. बाबांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, मी घासली."

हे मी मनात ठेवलं.

तेवढ्यात प्रबोध आला. लिटिल इंडियात याचं पितळी मूर्तींचं आणि समयांचं दुकान आहे. माल कुंभकोणमच्या ओताऱ्यांकडून येतो. या घंटेवर त्याचा किती वर्षांपासून डोळा होता, हे इथल्या साऱ्या मराठी मंडळाला माहीत होतं. तो सेरंगून रोडच्या देवळातून प्रसाद घेऊन आला होता. सरोजिनीताई दारालगतच्या खुर्चीत बसल्या होत्या. एरवी "ताई, ताई" करून त्यांच्या पाया पडणारा हा माणूस, आज त्यांना वळसा घालून गेला आणि पुडी उल्काच्या हातात देऊन म्हणाला, "देवापुढे ठेव." ताईंनीही पदर आवरून घेतला. बातमी एवढ्यात पोचली आणि यानेही वाळीत टाकलं की काय, असं वाटून मला त्याचा संताप आला.

पण पेटीकडे बघताच तो खाली बसला. अक्षरशः जमिनीवर.

"अरे देवा," तो म्हणाला. "निशिकांत, अरे हे काय झालं? असं कसं झालं रे?"

मी त्याला बाल्कनीत घेतलं. "तुम्हाला हवी होती ना ही घंटा?"

"हवी होती. दहादा मागितली, दहादा नाही म्हणाला. शेवटी गप्प बसलो."

"आणि फाइल?"

"छोट्या प्रतिकृती करून विकायच्या मनात होतं, वहिनी. निशिकांत म्हणाला, बिशपचा बाजार मांडू नकोस. मांडला नाही. वर दोनेक महिन्यांपूर्वी माझ्याकडून ओताऱ्याचा पत्ता घेतला, मला वाटलं घरच्या समया करून घ्यायच्या असतील." तो डोळे पुसत होता. "अहो, मला मिळाली नाही याचं दुःख होतंच. पण ती अशी मरावी असं माझ्या स्वप्नातही नव्हतं."

रडणारी माणसं मी खूप बघितली आहेत. हा खरा रडत होता, किंवा फार चांगला नट होता. दोन्हींची शक्यता धरून मी चहा प्यायला आत गेले.

४

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा होता. उल्का तिथे निरांजन लावायची खटपट करत होती. वात तुपात बुडत होती, काडी विझत होती. सवय नसलेले हात.

"तू कधीपासून दिवा लावायला लागलीस?" मी विचारलं. "आत्या रुसली की काय देवावर?"

"आत्याला सुतक आहे ना, मावशी."

माझा कप हातातच राहिला.

"साताऱ्याचे तिचे चुलत दीर गेले," ती म्हणाली. "बाबा चेन्नईला होते तेव्हा. कॉन्फरन्सला गेले होते, कालच आले. आत्या म्हणाली, बाबांना सांगू नका. फंक्शन आहे, त्यांचा मूड जाईल. ती देवाचं काही टच करत नाही आता. प्रबोधकाकांनाही माहितीये, त्यांनीच धवलला सांगितलं की सुतकात तिच्या हातात प्रसाद द्यायचा नसतो."

म्हणजे प्रबोधचा तो वळसा अपमानाचा नव्हता, मान राखण्याचा होता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. आणि मग एकदम ते वाळलेलं फूल डोळ्यांसमोर आलं. रोज ताजा चाफा ठेवणाऱ्या बाईने काही दिवस तिथे फूलसुद्धा ठेवलं नव्हतं. ती देव्हाऱ्यात हात घालून किल्ली काढील? देवाची म्हणून जिला नमस्कार करते, ती घंटा उचलून घासत बसेल?

मी तडक बाहेर गेले. "सरोजिनीताई, सुतकात देव्हाऱ्याला हात लावलात?"

"छे गं! भलतंच काय?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि मग त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"मग किल्ली कशी काढलीत?"

मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार पडले होते. "सुलेखा, तुझ्या पाया पडते. लिहून दे ना त्या दोन ओळी. मी जाते ना उगीमुगी. कुणाला विचारू नकोस आता."

म्हणजे त्या खोटं बोलत होत्या, आणि कुणासाठी तरी बोलत होत्या. स्वतःचं घर सोडून जायला तयार होत्या, पण सत्य सांगायला नाही. आजवर मी दुसऱ्यावर आळ घालणारे पुष्कळ पाहिले. आपल्यावर ओढून घेणारं माणूस पहिल्यांदाच बघत होते.

मी पुन्हा पेटीपाशी गेले. आत्ता ऐकलेलं सगळं डोक्यात गरगरत होतं. धवल म्हणाला, निशिकांतदादा घंटा हलवत होते आणि ताई घंटेकडे नव्हे, भावाकडे बघत होत्या. म्हणजे त्यांनी काहीतरी पाहिलं नव्हतं. काहीतरी ऐकलं होतं.

मीही ऐकलं होतं की सकाळी! तो गोड, रेंगाळणारा नाद. रॉकेलच्या डब्यावर चमचा मारल्यासारखी वाजणारी घंटा चिंचेने घासली तर चमकेल एक वेळ. पण घासून कुणाचा गळा बदलतो का?

मी फ्रिजपाशी गेले. दारावर आयर्लंडहून आणलेला एक चुंबक होता, तीन हिरव्या पानांचा. तो काढला, घंटेला लावला आणि हात सोडला.

चुंबक घसरून टप्पकन खाली पडला.

पुन्हा लावला, पुन्हा पडला. लोखंडाचा पत्रा, वर काशाचा मुलामा, असं निशिकांतदादांनी मला दहा व्याख्यानांत सांगितलं होतं. या घंटेत लोखंडाचा कणही नव्हता. ती घासलीच गेली नव्हती. ती मुळी बिशपची घंटाच नव्हती.

५

"सगळे बसा," मी म्हटलं. संचालक बाई पोचायला फार वेळ नव्हता. निशिकांतदादा उभेच राहिले.

मी चुंबक त्यांच्यासमोर घंटेला लावून दाखवला. प्रबोध एकदम उठून पुढे आला, घंटा उलटी करून आतून बघितली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे ओतीव पितळ आहे," तो म्हणाला. "हे काम... वहिनी, ही माझ्या ओताऱ्याच्या हातची कड आहे. पण देवाशपथ, मी नाही!"

"तुम्ही नाही, माहीत आहे," मी म्हटलं. "ऐका. कुणीतरी धवलच्या फाइलवरून नवी घंटा ओतून घेतली. पण नव्या पितळेवर नऊशे वर्षांचा काळेपणा कुठून आणायचा? आणला तरी त्या आयर्लंडच्या बाई एका नजरेत ओळखतील. मग उपाय काय? काळेपणा गेला कसा, याचीच एक गोष्ट रचायची. घरात एक बाई आहे जी दिसेल ते चिंचेने घासते. सिंकमध्ये कोळ ठेवला की काम झालं. खरी घंटा गायब झाली असं म्हटलं असतं तर पोलीस आले असते. खराब झाली म्हटलं की फक्त हळहळ."

मी चुंबक खाली ठेवला.

"फाइल तिघांकडे होती. धवल, प्रबोध आणि निशिकांतदादा. पण ज्याने हा डाव मांडला, त्याने एक चूक केली. सरोजिनीताईंना सुतक आहे. धवलला ते माहीत होतं. प्रबोधलाही होतं, म्हणून तर त्यांनी प्रसाद उल्काच्या हातात दिला. ज्याला हे ठाऊक आहे तो देवाची घंटा ताईंनी घासली अशी गोष्ट कशाला रचेल? ही गोष्ट अशा माणसाने रचली, ज्याला या घरात सुतक आहे हेच माहीत नव्हतं. जो तेव्हा चेन्नईला गेला होता. जिथून कुंभकोणम एका रात्रीच्या प्रवासावर आहे."

निशिकांतदादा बहिणीकडे बघत होते. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.



"बाबा?" उल्का म्हणाली.

मला वाटत होतं ते नाकारतील, ओरडतील, मला घराबाहेर काढतील. मी त्याचीच तयारी ठेवली होती. त्याऐवजी ते सोफ्याच्या कडेवर बसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला देववत नव्हती ती. टाळ्या पडल्या तेव्हा शब्द दिला. मग रोज रात्री वाटायचं, कशासाठी? त्या गावात तिला कोण ओळखतं? माझ्याइतकं त्या माणसावर कुणी प्रेम केलंय? ताईला थोडा त्रास होईल असं वाटलं. नंतर मी तिला परत आणणारच होतो."

"मला कळलं होतं, निशी," सरोजिनीताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तू हलवलीस आणि ती गोड वाजली, तेव्हाच कळलं. म्हटलं, ठेवू दे त्याला. लहानपणापासून कधी काही मागितलं नाहीस. एक घंटा काय एवढी?"

म्हणजे बिशपची ती गोष्ट भरल्या गळ्याने सांगणाऱ्या माणसाच्या घरात ती गोष्ट आज सकाळी घडली होती, आणि त्याला ती ओळखू आली नव्हती. उलट त्याने तिचाच उपयोग करून घेतला होता. मला त्याची चीड आली, आणि त्याहून जास्त त्या बाईची कीव आली. पण अजून एक गोष्ट बाकी होती.

"निशिकांतदादा, खरी घंटा कुठे आहे?"

त्यांचा हात खिशाकडे गेला.

काखेत कळसा नि गावाला वळसा. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या शर्टाची घडी केली नाही, त्याने बहिणीची बॅग भरली होती. चार साड्यांना कुलूप लावलं होतं. तिकीट उद्याचंच हवं होतं, आणि मागोमाग पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचं होतं, बंद फ्लॅटमध्ये, जिला समोर बघवत नाही तिला भेटायला.

"बॅगेची किल्ली द्या," मी म्हटलं.

"माझी बॅग?" सरोजिनीताई म्हणाल्या. "तिचं काय?"

निशिकांतदादांनी खिशातून किल्ली काढली. धवलने बॅग आडवी केली, उघडली. वर साड्या, मध्ये ताईंची जुनी शाल, घट्ट गुंडाळलेली. त्याने शाल उलगडली. काळी, ओबडधोबड, रिबिटांची घंटा बाहेर आली आणि जमिनीला टेकताना वाजली. खडखड, रॉकेलच्या डब्यासारखी. मी चुंबक लावला. तो चटकन चिकटला.

सरोजिनीताईंचा चेहरा मी त्या क्षणी बघितला नसता तर बरं झालं असतं. आळ घेताना तो चेहरा असा झाला नव्हता. हाकलून देताना झाला नव्हता.

"माझ्या बॅगेत, निशी?" त्या म्हणाल्या. "विमानतळावर कुणी उघडली असती, तर मी काय सांगितलं असतं? मला तर ठाऊकही नव्हतं."

"कुणी उघडली नसती, ताई. म्हाताऱ्या बायकांच्या बॅगा कोण..." ते बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं.

इंटरकॉम वाजला. खाली लॉबीत संचालक बाई आल्या होत्या.

निशिकांतदादा उठले. त्यांनी काळी घंटा उचलली आणि बहिणीसमोर धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ताई, तू दे त्यांना. तुझ्या हाताने जाऊ दे ती."

"मला शिवायचं नाही," सरोजिनीताई म्हणाल्या. "तूच ने."

ते घंटा घेऊन गेले. लिफ्टचं दार मिटेपर्यंत ती खडखडत होती. उल्काने आत्याच्या गळ्यात हात टाकले. "आत्या, तू कुठेही जायचं नाही. बाबा टिकेट कॅन्सल करतील. मी करते, आत्ता करते."

सरोजिनीताईंनी तिचे हात हळूच सोडवले. भिंतीला धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर त्या खाली बसल्या. उघड्या बॅगेतली शाल बाहेर काढली. मग एक साडी, दुसरी साडी. सगळ्या काढून जमिनीवर ठेवल्या आणि पहिली पुन्हा घडी करायला घेतली.

"तिकीट राहू दे," त्या म्हणाल्या. "फक्त बॅग माझी मी भरीन."